पांगाऱ्याची जनावरं

बोईसरच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर म्हणून काढलेल्या माणसाला नसत्या गोष्टी पटवून देणं सोपं नसतं. रामनाथ तर मापाशिवाय भाताचा घासही घेणार नाहीत, असं त्यांची बायको मंगला चारचौघांत सांगायची. निवृत्त झाल्यावर केळव्याच्या वाडीतले पानवेलीच्या आधाराचे पांगारे छाटले, की त्या मऊ, पांढऱ्या लाकडातून ते दिशासाठी जनावरं घडवत. चारही पाय सारखे झाले का, ते कॅलिपर लावून बघत.

दिशा त्यांची रक्ताची नात नव्हती, पण माया नातीपेक्षा काकणभर जास्तच. तीन वर्षांपूर्वी एका सकाळी ती वाडीच्या फाटकाशी एकटीच उभी दिसली. तीनेक वर्षांची पोर, डावी भुवई उजवीपेक्षा जरा वर, केसांत लाकडाचा भुसा. पोलिसांत वर्दी दिली, पेपरात फोटो आला, पण कोणी फिरकलं नाही. वर्षभर चकरा मारून तिला सांभाळायचे कागद झाले. मूलबाळ नसलेल्या मंगलाने तिला पहिल्या दिवसापासून कडेवरून उतरवलं नाही. त्याच आठवड्यात रामनाथांच्या बारीक पटाशीची धार मोडलेली निघाली होती. माझ्या हत्यारांना हात कोण लावतं, म्हणून त्यांनी घर डोक्यावर घेतलं होतं. एरवी तोंडाला तोंड देणारी मंगला त्या दिवशी गप्प बसली होती.

पहिलं जनावर केलं ते मुंगूस. पटाशी निसटली आणि शेपटीचं टोक उडालं. चार दिवसांनी अंगणात खरं मुंगूस आलं, शेपूट तुटकं.

"आजोबा, माझं मुंगूस!" दिशा टाळ्या पिटत ओरडली.

"जगात तुटक्या शेपटीची मुंगसं शंभर असतील," रामनाथ म्हणाले.

मग धनेश केला. दिशाच्या हातून पडून त्याच्या चोचीवरचं शिंग कोपऱ्याला फुटलं. आठवडाभराने माडावर धनेश येऊन बसला, शिंगाचा तोच कोपरा फुटलेला. त्यानंतर कासव. त्याच्या पाठीवर उजवीकडे लाकडाची गाठ आली होती. केळव्याच्या किनाऱ्यावर सकाळी सकाळी कासव चढलं, तेव्हा बघ्यांची गर्दी सारून रामनाथांनी त्याच्या पाठीवरचा गोल डाग आधी बघितला. घरी येऊन त्यांनी लाकडी कासवाच्या गाठीला कॅलिपर लावला.

इथेच थांबायला हवं होतं. पण दिशाने बिबट्याचा हट्ट धरला आणि तिचा हट्ट मोडणं त्यांना कधी जमलं नव्हतं. बिबट्या झाला झकास, फक्त पुढच्या उजव्या पंजाचं एक बोट चिरून गळून पडलं.

आठव्या दिवशी विहिरीजवळच्या ओल्या मातीत ठसे उमटले. दिशाच्या करवंट्यांची भातुकली मांडलेली होती, तिच्या अगदी मधून. पुढच्या उजव्या पंजाला चाराऐवजी तीनच बोटं. रामनाथांनी तीनदा कॅलिपर लावला. तिन्ही वेळा माप तेच आलं.

ठकी डोंगरातल्या पाड्यावरून वाडीत सुपारी वेचायला यायची. तिने आधी ठसे बघितले, मग ओटीवर मांडलेली जनावरं.

"वाघ घरात ठेवत्यात का, दादा?" ती म्हणाली. "आमी पन वाघोबा घडवतो. पन शिवेवर बसवतो, नारळ देतो. मग तो त्याच्या रानात, आमी आमच्या घरात."

"आता काय करायचं?"

"घडवलेलं समदं शिवेवर न्या. एकबी घरात ऱ्हायलं, तर गेलेलं मागं फिरतं."

त्याच दुपारी रामनाथ चारही जनावरं टोपलीत घालून शिवेवर ठेवून आले, नारळ फोडला. दिशा रडून रडून लाल झाली होती. मंगला काही बरोबर आली नाही. चुलीवर भात हाय, म्हणाली.

दुसऱ्या दिवसापासून मुंगूस दिसेना, धनेश येईना. ठसेही थांबले. चौथ्या संध्याकाळी दिशाचा समोरचा दात पडला. रिवाजाप्रमाणे तिने तो कौलांवर भिरकावला आणि हिरडी ठणकते म्हणून रात्रभर आजीच्या कुशीत कुरकुरत राहिली.

सकाळी ठसे पुन्हा उमटले. या वेळी विहिरीजवळ नाही. ओटीच्या पायरीवर.

"एक ऱ्हायलंय," ठकी म्हणाली.

"मी चारच केली होती."

ठकी त्यांच्याकडे बघत नव्हती. ती मंगलाकडे बघत होती.

मंगला आत गेली आणि तांदळाच्या पिंपाला पाठ लावून बसली. रामनाथ मागोमाग गेले.

"मी नाय देणार," ती म्हणाली. "तुमी कायबी करा. वाघ येऊ दे नाय तर आनखी कोन. मी नाय देणार."

त्यांनी तांदळात हात घातला. कोपरापर्यंत. हाताला फडक्याची गाठ लागली.

आत बोटभर लाकडाची मुलगी होती. अडाणी हाताने घडवलेली, अंगाचं माप कशाचं कशाला नाही. डाव्या भुवईशी पटाशी अडून मोडली होती, म्हणून ती भुवई वर राहिली होती.

ओठ मात्र हसरे होते. समोरच्या दातांत एक फट होती, आणि तिथलं लाकूड ताजं, पांढरं होतं.

शीव दहा मिनिटांवर होती. रामनाथ बराच वेळ ती मुलगी तळहातावर घेऊन उभे राहिले. मग त्यांनी तिला फडक्यात गुंडाळली, गाठ मारली आणि पुन्हा तांदळात खोल पुरली.

"ओटीला लोखंडी जाळी बसवू," ते म्हणाले. "आजच माप घेतो."

मंगलाने पदर तोंडाशी धरला.

तळहाताला काहीतरी चिकटलं होतं. तांदळाचा दाणा समजून ते झटकणार होते, पण ती लाकडाची कपची होती. ती मुठीत धरून ते अंगणात गेले आणि त्यांनी ती कौलांवर भिरकावली. कपचीच ती, पण दातासारखीच टक्क वाजली.

आतून दिशाने हाक मारली.

"आजोबा, ठणकायचं थांबलं."