उजव्या लेनमधला टेम्पो

"गो सरू, ह्यो बाबा बाजूला व्हतच नाय!" गिरजाबाई स्टिअरिंग घट्ट धरून ओरडल्या.

मी शेजारच्या सीटवरून हात घातला आणि हॉर्न दाबला. एकदा, दोनदा... मग दाबूनच धरला. पुढचा टेम्पो मात्र महामार्गाच्या उजव्या लेनमधून आपला रमतगमत चाललेला, जसा काही वरातीतच! आणि डावी लेन चक्क रिकामी. पेणमध्ये बाबांचं मोटर ट्रेनिंग स्कूल आहे आणि तिथं शिकवते मी; गिरजाबाई माझ्या विद्यार्थिनी. 'हळू चालणाऱ्यानं डावीकडे राहायचं, उजवी लेन ओव्हरटेकसाठी' हे मी झोपेतसुद्धा बडबडते, असं आई म्हणते. अशा मुलीला त्या टेम्पोमागं अडकवणं म्हणजे निव्वळ छळ होता.

नागोठण्याच्या अलीकडे तो एका चहाच्या टपरीपाशी थांबला. मी गिरजाबाईंना गाडी त्याच्या मागं लावायला सांगितली आणि तरातरा उतरले. श्रावणातली भुरभुर चालू होती. छत्री घ्यायचंही सुचलं नाही मला.

"अहो टेम्पोवाले! उजवी लेन काय तुमच्या बापाची आहे?"

तो वळला. उंच, सावळा, केसांत पेंढ्याची एक काडी अडकलेली. आणि हसला... असा हसला की पुढचं अख्खं भाषण माझ्या तोंडातच राहिलं.

"माझ्या नाय मॅडम," त्यानं मागची ताडपत्री उचलली, "ह्यांच्या बापाची असंल."

आत पेंढ्यात ओळीनं गणपती बसले होते. शाडूचे, अजून रंग न लागलेले.

"आमचा हमरापूरला कारखाना हाय. ह्ये रोह्याला चाललेत, रंगवायला. डावी लेन ट्रेलरवाल्यांनी पार खचवलीय. एक दणका बसला की कुणाची सोंड जाते, कुणाची बोटं. म्हणून आम्ही सगळे मूर्तीवाले उजवीकडूनच जातो."

"सगळ्यांनी केली म्हणून चूक बरोबर ठरत नाही! तुमच्यामुळं मागच्यांना डावीकडून घुसावं लागतं. उद्या कुणी आपटलं तर?"

"व्हय, पन एवढ्या हळू गाडीत तुम्ही उजवीकडं काय करत व्हता?"

"ओव्हरटेक शिकवत होते!"

"मग... जमला?"

गाडीतून गिरजाबाई फिसकन हसल्या. माझा असा संताप झाला! "डावीकडून नेऊन दाखवा," मी म्हटलं. "सावकाश, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवून. एकही मूर्ती फुटणार नाही. फुटली तर मी पुन्हा तुमच्यामागं हॉर्न वाजवणार नाही."

"आनि नाय फुटली तर मी जन्मभर डावीकडनं. पन एक बाप्पा तुमच्या मांडीवर. दणके तुम्हालाबी कळू देत." त्यानं चहाचा ग्लास माझ्यापुढं धरला. "दिनानाथ. आजोबांचं नाव हाय, हसू नका."

मी हसले नाही. म्हणजे, गाडीत बसल्यावर हसले.

त्याच्या पुढच्या खेपेला, 'रोह्याला मैत्रिणीकडे जाते' असं बाबांना सांगून मी त्या टेम्पोत चढले. मांडीवर बाप्पा, बाप्पाभोवती माझे दोन्ही हात, आणि शेजारी हा. डाव्या लेनमधून आम्ही निघालो. तो प्रत्येक खड्ड्याआधी 'धरा!' म्हणायचा आणि मी बाप्पाला पोटाशी घ्यायची. दणके खरंच होते हो! हाडं खिळखिळी झाली माझी. पण मी कबूल कशाला करतेय?

"कसा हाय रस्ता?"

"छान आहे."

"मग डोळे मिटून का बसलाय?"

"नामस्मरण करतेय!"

तेवढ्यात समोरून एक मोटारसायकल आली. उलट्या दिशेनं, आमच्याच लेनमध्ये! दिनानाथनं ब्रेक दाबला, मी पुढं झुकले, आणि बाप्पाला सावरायला आलेला त्याचा डावा हात नेमका माझ्या हातावर पडला. मोटारसायकल निघून गेली. हात मात्र राहिला... अगदी थोडा वेळ. मग त्यानं तो गिअरवर ठेवला आणि रस्त्याकडं इतकं लक्ष देऊन बघायला लागला, की जणू महामार्ग आजच बांधलाय.

रोह्यात त्यानं एकेक मूर्ती उतरवून तपासली. सोंडा शाबूत, बोटं शाबूत. मी जिंकले होते!

"शब्द म्हंजे शब्द," तो म्हणाला. "आता डावीकडूनच."

एसटीनं परत येताना मी खिडकीतून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक टेम्पोकडं बघून हसत होते. कंडक्टरनं दोनदा वळून पाहिलं.

आणि मग माझ्या जिंकण्याचा खरा अर्थ मला कळला. दिनानाथ खरोखर डावीकडून जायला लागला. आम्ही त्याच्या मागं यायचो, गिरजाबाई इंडिकेटर देऊन अगदी पुस्तकात लिहिल्यासारखा ओव्हरटेक करायच्या, तो खिडकीतून हात हलवायचा आणि... संपलं. ना हॉर्न, ना थांबणं, ना भांडण. आता कुठल्या तोंडानं त्याला अडवायचं? नियम पाळणाऱ्या माणसाशी भांडणार तरी काय! मी स्वतःवरच इतकी चिडले की घरी बाबांनी विचारलं, "कुणी गाडी ठोकली का गो?"

त्यात गिरजाबाईंनी बातमी आणली. त्यांची भाची हमरापूरला दिलेली, त्यामुळं तिकडचं सगळं त्यांना कळायचं. "तुझा तो टेम्पोवाला गणपती झाले की गुजरातला चाललाय. ट्रेलर चालवायला. रोह्याजवळच्या धाटावच्या कंपनीनंबी त्याला कामगारांची शिफ्टची बस चालवायला इचारलंय, पन त्याचं काय ठरत नाय म्हणं."

"माझा कशाला?" मी म्हटलं.

"नाय तर नाय," म्हणून त्यांनी गिअर टाकला. तोही चुकीचा.

गणपती जवळ आले. मूर्तींच्या खेपा कमी होत गेल्या, आणि माझी झोपही. बोलायला हवं होतं. पण आधी मी कशी बोलू? आणि हा माणूस, एरवी एवढा चुरूचुरू बोलणारा, नुसता हात काय हलवतो!

चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात आम्ही पुन्हा त्याच रस्त्याला होतो. गिरजाबाईंची परीक्षा तोंडावर आली होती. वडखळ मागं टाकलं, आणि पुढं बघते तर... तोच टेम्पो. उजव्या लेनमध्ये! बैलगाडीच्या चालीनं!

"हा काय प्रकार?" मी हॉर्नवर हात आपटला. पुन्हा दाबला, पुन्हा. टेम्पो हलेना. तो थेट त्या टपरीपाशी जाऊन थांबला आणि मी गाडी पुरती थांबायच्या आत दार उघडलं, जे मी कुठल्याही विद्यार्थ्याला कधी करू देत नाही.

"शब्द दिला होतात तुम्ही! जन्मभर डावीकडून म्हणाला होतात! मूर्तींचं कारण सांगू नका आता..." म्हणत मी ताडपत्री वर केली.

आत काही नव्हतं. एक मूर्ती नाही. फक्त पेंढा.

"रिकामा आहे?" माझा आवाज एकदम खाली आला. "मग... उजवीकडून कशाला चालला होता?"

तो टेम्पोला टेकून उभा होता. या वेळी हसत नव्हता.

"डावीकडं असलो की तू बाजूनं निघून जातेस," तो म्हणाला. "हॉर्न मारत नाय, थांबत नाय, भांडत नाय. काल शेवटची खेप झाली सरू. आता या रस्त्याला यायला माझ्याकडं कारण नाय. म्हटलं, एकदा तुझा हॉर्न ऐकावा." मग जमिनीकडं बघत म्हणाला, "गुजरातवाल्याला आज फोन करायचाय. काय सांगू?"

मला तो सरळ 'तू' म्हणाला होता, आणि ते इतकं गोड लागलं की रागवायचं राहूनच गेलं. डोळे भरून आले होते, आणि हसूही येत होतं. कसली ही माझी अवस्था!

"सांग, नाही येत," मी म्हटलं. "आणि धाटावला सांग, येतो. रोज याच रस्त्यानं बस ने, दिनानाथ. जाऊ नकोस. तुझ्याशिवाय मला नाही करमणार."

"नक्की?"

"नक्की. पण डावीकडून!"

"मग तू पुन्हा निघून जाशील."

"शिकाऊ गाडीनं डाव्या लेनमध्येच राहायचं असतं. रोज शिकवते मी." माझे कान तापले होते. "तुझ्या मागं. योग्य अंतर ठेवून."

"आनि ते अंतर कमी कधी व्हायचं?"

"आधी बाबांना येऊन भेट."

गिरजाबाईंनी गाडीतून एक लांबलचक हॉर्न दिला. मग काच खाली करून ओरडल्या, "चला आता! रोह्याला माझी लेक जेवायला थांबलीय!"

तो टेम्पोत चढला आणि डाव्या लेनला लागला. आम्ही त्याच्या मागं निघालो. नागोठणं आलं, गेलं. उजवी लेन अगदी मोकळी होती.

"गो सरू," गिरजाबाईंनी विचारलं, "ओव्हरटेक करू?"

"खबरदार!" मी म्हटलं.