मिरीचं बाळंतपण

"तुमची मांजर माझ्या शेडमध्ये आहे," फोनवरचा अनोळखी आवाज म्हणाला, "आणि ती मला आत येऊ देत नाहीये."

तेजलचा जीव भांड्यात पडला. आदल्या दुपारपासून ती मिरीला शोधत होती. नाशिकरोडच्या त्यांच्या कॉलनीतल्या सगळ्या गच्च्या, सगळे जिने तिनं पालथे घातले होते. आणि मिरी निघाली पार दिंडोरीकडे, एका द्राक्षबागेत.

फोन करणाऱ्याचं नाव रविराज. सीझनमध्ये तो आपल्या बागेतली द्राक्षं पिकअपमधून आणून कॉलनीच्या गेटशी विकायचा. परत जाताना रिकाम्या क्रेटांमागे, ताडपत्रीखाली मिरी कधी शिरली ते त्यालाही कळलं नव्हतं. तिच्या गळ्यातल्या पट्ट्यावर तेजलचा नंबर होता, पण जवळ जाऊन वाचायची सोय नव्हती. म्हणून त्यानं लांबून फोटो काढला आणि मोठा करून एकेक आकडा लावला.

"तिला हात लावू नका," तेजल म्हणाली.

"नाही लावत. अजून अर्धी बाग तोडायचीय, हात लागणारेत मला." तो जरा थांबला. "पण तुम्ही लवकर या... ती एकटी नाहीये. पिल्लं आहेत तीन."

तेजलनं फोन ठेवला आणि आईवडिलांकडे पाहिलं. गेला महिनाभर मिरी जाड होत चाललीय म्हणून वडिलांनी, जयरामांनी, तिचं खाणं निम्मं केलं होतं. आता ते चष्मा पुसत बसले.

त्या घरात मांजरं तीन. कोतवाल हा तांबूस, रुंद तोंडाचा बोका. आल्यागेल्याच्या चपला हुंगल्याशिवाय त्याला चैन पडत नसे. शेवंती पांढरी, आणि ती फक्त जयरामांची. प्रेसमधून रिटायर झाल्यावर ते सकाळी निवांत पेपर उघडायचे. शेवंती नेमकी उघडलेल्या पानावर आडवी व्हायची आणि ते बिचारे तिच्या शेपटीच्या कडेकडेनं बातमी वाचायचे. तेजलची आई सगुणाबाई सगळ्यांना सांगायच्या की मला मांजरं मुळीच आवडत नाहीत, आणि थंडीत ती दोघं त्यांच्याच गोधडीत सापडायची. मिरी मात्र कुणाचीच नव्हती. काळी, सडपातळ, कधी मांडीवर न बसलेली. तेजल कामावरून आली की ती दाराशी यायची आणि हातभर लांब बसून तिच्याकडे बघत राहायची. तिचं प्रेम तेवढंच, आणि तेजलला ते पुरायचं.

तेजल कानाच्या दवाखान्यात लोकांच्या ऐकण्याची तपासणी करायची. वय अठ्ठावीस, बोलणं सरळ. आलेल्या स्थळांना तिनं स्वतःच समोर बसून नाही म्हटलं होतं, आणि त्याचं तिला कधी ओझं वाटलं नव्हतं.

ती स्कूटरवर निघाली. दिंडोरीच्या अलीकडे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कागदात गुंडाळलेले घड वेलींवर लटकत होते. शेडच्या दाराशी एक उंच माणूस उभा होता, शर्टावर औषधाचे निळसर डाग, डोक्यावर उन्हाची टोपी. त्यानं नमस्कार केला नाही. नुसतं बोट ओठांवर ठेवलं आणि आतल्या कोपऱ्याकडे दाखवलं.

पुठ्ठ्याच्या खोक्यांमागे मिरी पडली होती. पोटाशी तीन इवलेसे जीव, डोळे मिटलेले. तेजल तिथंच फरशीवर बसली. मिरीनं तिच्याकडे बघून डोळे हळूच मिटले, उघडले... आणि मान टेकली.

"एवढंच?" मागून तो कुजबुजला. "तुम्ही एवढ्या लांबून आलात, आणि ती एवढंच करणार?"

"हे खूप झालं," तेजल म्हणाली. "तुम्हाला मिरी माहीत नाही."

तिनं मागं वळून पाहिलं. तो उकिडवा बसला होता, श्वास रोखून, पिल्लांकडे असा बघत जसं कुणी त्यालाच काही सांभाळायला दिलंय. तेव्हा तेजलला पहिल्यांदा वाटलं की हा माणूस बरा आहे.

डॉक्टरांनी फोनवर सांगितलं की पिल्लं चालायला लागेपर्यंत आईला हलवू नका. शेडमध्ये मालाची घाई होती, पण रविराजनं पॅकिंगचं टेबल दुसऱ्या भिंतीला नेलं आणि तो कोपरा मिरीला दिला. काम करणाऱ्या बाया आधी हसल्या, मग आपल्या डब्यातलं काहीबाही तिच्यासाठी ठेवू लागल्या. पटलं नाही ते फक्त रविराजच्या आईला, आक्काबाईंना. ऐन मालाच्या दिवसांत काळी मांजर, असं म्हणून त्यांनी बजावलं की शेडमध्ये राहते ते ठीक, घराच्या उंबऱ्याच्या आत तिचं पाऊल पडता कामा नये.

त्यानंतर तेजल दर रविवारी जाऊ लागली. मधल्या दिवसांत संध्याकाळी रविराजचा फोन यायचा. सुरुवातीला विषय पिल्लांचे: कुणी डोळे उघडले, कोण कुणाच्या अंगावर चढलं. मग ती कोतवालचे पराक्रम सांगायची, तो द्राक्षांची गोडी कशी ओळखायची ते सांगायचा, आणि पिल्लांचा विषय शेवटी आठवणीनं काढावा लागायचा.

"आज मिरीनं माझ्याकडे बघितलं," एकदा तो म्हणाला.

"कसं?"

"तुम्ही बघता तसं. आधी नीट तपासून... मग जाऊ दे."

"मग काय?"

"मग बरा वाटलो असेन."

"कुणाला? मिरीला की मला?"

पलीकडे त्यानं पंप बंद केला.

"मिरीचं कळलंय," तो म्हणाला. "तुमचं कळायचंय."

तेजल गॅलरीत उभी राहून एकटीच हसली.

एका शनिवारी तो गेटवरचा माल संपवून तिच्या घरी आला, हातात द्राक्षांची पेटी घेऊन. कोतवालनं त्याचे बूट हुंगले, मग पँट, मग त्याच्या हाताची बोटं. मिरीचा वास लागला असावा, कारण तो त्याच्या पायाशी घुटमळत ओरडू लागला. भिंतीवर बुद्धांची तसबीर होती, शेजारी बाबासाहेबांचा फोटो. जयराम म्हणाले, "जय भीम," आणि रविराजनं सहज, न अडखळता उत्तर दिलं, "जय भीम, काका." सगुणाबाईंनी चहात आलं जास्त घातलं.

तो गेल्यावर जयराम म्हणाले की मुलगा चांगला आहे, पण त्यांच्याकडे घर मोठं, भावकी मोठी. विचार करून पाऊल टाक.

"विचार करूनच टाकतेय, बाबा," तेजल म्हणाली. शेवंतीला पाठीवरून कुरवाळत जयरामांनी मान हलवली.

मार्चच्या एका रविवारी ती बागेत असतानाच आभाळ भरून आलं. दुपारचं ऊन विझल्यासारखं झालं, वारा सुटला आणि अवकाळी पाऊस कोसळू लागला. शेडचा एक पत्रा वाऱ्यानं उचकटला. कोपऱ्यात पाणी शिरलं.

मिरीनं एक पिल्लू मानेला धरलं आणि ती पावसात बाहेर पडली. तेजल आणि रविराज तिच्या मागं धावले. मिरी अंगण ओलांडून थेट घरात शिरली, उंबरा ओलांडून, सोप्यावरून, आक्काबाईंच्या खोलीत. तिथं पलंगावर घडी घातलेली नऊवारी होती. तिच्यावर पिल्लू ठेवून ती परत फिरली. आक्काबाई दारात उभ्या होत्या. मिरीनं त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

दुसरं पिल्लू आलं. तिसऱ्यासाठी ती पुन्हा पावसात गेली तेव्हा शेडमधले ओले खोके कोसळले होते आणि आतून बारीक आवाज येत होता. रविराजनं खोके बाजूला केले. ठिपक्याठिपक्यांचं पिल्लू त्यानं तळहातावर उचललं, आणि तेजलनं श्वास रोखला. आजवर मिरीनं कुणालाच आपल्या पिल्लांना शिवू दिलं नव्हतं. मिरी त्याच्या पायाशी उभी राहिली, भिजून दोरीसारखी झालेली. तिनं मान वर केली... आणि त्याच्या पुढं पुढं घराकडे चालू लागली.

"चला," रविराज हळूच म्हणाला, "आपल्याला बोलावतेय."

तेजलनं आपली ओढणी त्याच्या ओंजळीवर धरली. दोघं एकमेकांना लागून अंगण ओलांडत होते, पाणी डोळ्यांत जात होतं. उंबऱ्याशी ते थांबले. आक्काबाईंनी एकदा मुलाच्या ओंजळीकडे पाहिलं, एकदा त्याला चिकटलेल्या ओढणीकडे.

"थांबलात काय?" त्या म्हणाल्या. "गारठलंय ते. आणा इकडं." आणि त्यांनी ते पिल्लू पदरात घेतलं.

पावसानं बागेचं थोडं नुकसान केलं, पण बराचसा माल आधीच निघाला होता. पिल्लं आक्काबाईंच्या पलंगाखाली वाढली. मिरी त्यांना माजोरडी वाटायची, आणि तसं त्या रोज तिला तोंडावर सांगायच्या. मिरी ऐकून घ्यायची. एप्रिलमध्ये तेजल तिला न्यायला आली तेव्हा दोन पिल्लं मिरीबरोबर निघाली. ठिपक्याचं आक्काबाईंनी दिलंच नाही.

घरी कोतवाल आधी मिरीवर फिसकारला. संध्याकाळपर्यंत मात्र दोन्ही पिल्लं त्याच्या शेपटीशी झटापट करत होती आणि तो डोळे मिटून सोसत होता. शेवंतीनं पेपरवरची जागा सोडली नाही. सगळं जिथल्या तिथं आलं.

फक्त रविराजचा फोन आला नाही. त्या संध्याकाळी नाही, नंतरही नाही. तेजलनं केला तर तो दोन वाक्यं बोलून कामाचं सांगायचा. सगुणाबाईंनी एकदा विचारलं की काही बिनसलं का. तेजल म्हणाली की माहीत नाही, पण विचारून येते.

रविवारी ती गेली. बागेत छाटणी उरकली होती. वेली उघड्या, नुसती खोडं आणि ओलांड्यांच्या आडव्या फांद्या. रविराज कात्री हातात घेऊन एका रांगेच्या टोकाला उभा होता. तिला पाहून तो दोन पावलं पुढं आला.

"मिरी बरी आहे," तेजल म्हणाली. "मी तिच्यासाठी आलेले नाही. तुझ्यासाठी आले."

त्यानं कात्री खाली ठेवली. "तू म्हणालीस मला."

"म्हणाले. फोन का करत नाहीस?"

त्यानं सांगितलं. मिरी गेली त्याच रात्री त्यानं घरात तेजलविषयी बोलून टाकलं होतं. वडील एवढंच म्हणाले की तुझ्या आईला विचार. आणि आईनं त्याच्याशी बोलणं टाकलं. त्याआधी म्हणाली, मुलगी चांगली हाय, पण लोक काय म्हणतील, पाहुण्यांना काय सांगू. "म्हटलं, काहीतरी धड सांगण्यासारखं झालं की मगच तुला..."

"धड काय ते तू एकट्यानंच ठरवणार होतास?"

"नाही," त्यानं कबूल केलं.

"मग माझं ऐक," तेजल म्हणाली. "मला तू आवडतोस. लग्न करायचं तर तुझ्याशीच. मी नोकरी सोडणार नाही, इथून रोज जाईन-येईन. मांजरं माझ्यासोबत येतील. शेवंती नाही, ती बाबांची आहे. लोकांनी मला विचारलं तर मी कोण ते मान वर करून सांगेन, आणि तेव्हा तू माझ्या शेजारी उभा हवास. आता तुला काय हवंय ते सांग."

रविराजच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मी उभा राहीन," तो म्हणाला. "आईशी बोललो तेव्हाच ठरवलंय ते. आणि मला... तू हवी आहेस. अजून पुष्कळ बोलायचं होतं, रोज मनात जुळवत होतो. आत्ता एवढंच आठवतंय."

"एवढं पुरे," तेजल म्हणाली, आणि तिनं हात पुढं केला. त्यानं तो धरला. तळहाताला कात्रीचे घट्टे होते. तिला ते आवडले.

तसेच, हात न सोडता, ते घराकडे आले. आक्काबाई ओट्यावर लसूण सोलत होत्या. त्यांनी दोघांच्या हातांकडे पाहिलं आणि पुन्हा लसणाकडे. रविराजनं बोलायला तोंड उघडलं, पण तेजलनं त्याचा हात किंचित दाबला.

"मावशी, मी त्याला विचारलं," ती म्हणाली. "तो हो म्हणालाय. तुमच्यापासून लपवून काही करायचं नाही, म्हणून सांगायला आले."

त्यांनी आणखी एक पाकळी सोलून सुपात टाकली.

"माझं मन अजून तयार नाय," अखेर आक्काबाई म्हणाल्या. "खोटं कशाला बोलू. लय वेळ लागंल मला."

"लागू द्या," तेजल म्हणाली. "मला घाई नाही."

आक्काबाईंनी सुपातला लसूण बाजूला सारला आणि ओट्यावरची जागा पदरानं झाडली.

"मग उन्हात काय उभी?" त्या म्हणाल्या. "बस इथं."

तेजल बसली. रविराज जरा वेळ तसाच उभा राहिला, आणि मग दोघींसाठी पाणी आणायला आत गेला.