बिशपसाहेबांची अंगठी

बिशप अरिएता डोंगरातल्या चाकापाम्पा गावात तापानं गेले आणि त्यांची अंगठीही गेली, असा निरोप आला. चाळीस वर्षं त्यांची पत्रं लिहिणाऱ्या फादर एव्हारिस्तोंना रडावं की चिडावं कळेना. दोन दिवस खेचरावर बसून पोचेपर्यंत म्हाताऱ्याची हाडं खिळखिळी झाली.

अंगठीच्या चोरीचा आळ घेऊन बिशपांचा खेचरवाला कासिमिरो याला चॅपलच्या खांबाला बांधलं होतं. दुपारी शिपाई त्याला तुरुंगात नेणार होते. तिथून गरीब माणूस सहसा परत येत नसे.

"शेवटी जवळ कोण होतं?" फादर एव्हारिस्तोंनी त्याला विचारलं.

"मी न् हे फादर लेआंद्रो. मरणाऱ्याला लावतात ते शेवटचं पवित्र तेल यांनी लावलं. बिशपसाहेबांची वाचा गेली होती. तेल लावताना त्यांनी आपले हात उलटे, तळवे खाली केले, यांनी सुलटे केले. त्यांनी परत उलटे केले."

"तापात माणूस काय वाट्टेल ते करतो," लेआंद्रो म्हणाला. तीन महिन्यांपूर्वी तो गावात आला होता आणि लग्नं, बाप्तिस्मे उरकत होता. "तेल झालं तेव्हा अंगठी बोटात होती. मग मी प्रार्थनेला गेलो. मागे राहिलं हे ध्यान. आता कसा गरीब गाय झालाय बघा!"

"तेल कुठं लावलंत?"

"डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय."

"हाताला कुठं?"

"तळहाताला. आणखी कुठं लावतात?"

फादर एव्हारिस्तो बाकावर टेकले. "तेलाची पेटी आणा."

"ती कशाला?" लेआंद्रोचा चेहरा पडला.

पेटीतल्या कापसाखाली अंगठी होती.

"पवित्र तेलाला गावातलं कुणी हात लावत नाही," फादर थकल्या आवाजात म्हणाले. "लपवायला जागा झकास होती. पण पाद्र्याचे तळहात दीक्षेच्या दिवशीच तेलानं पवित्र झालेले असतात. म्हणून मरताना त्याला तेल लावतात ते हाताच्या पाठीवर. हे ठाऊक नसलेला पाद्री मी अजून पाहिला नाही. तू पाद्रीच नाहीस. बिशपसाहेब तेच सांगत होते, हातांनी."

शिपायांनी कासिमिरोला सोडलं आणि लेआंद्रोला बांधलं. कासिमिरो मनगटं चोळत तिथंच उभा राहिला.

"म्हणजे बिशपसाहेबांना सगळं कळत होतं?"

"हो रे बाबा."

"फादर, दुसऱ्यांदा हात उलटे केले ना, तेव्हा हा लेआंद्रो मला म्हणाला, धर. मग मीच ते सुलटे धरून ठेवले."

एव्हारिस्तोंनी कासिमिरोला हाताला धरून शेजारी बसवून घेतलं.