पुढच्या सीटचा बेल्ट

आधीच सांगते, यात अमावस्या नाही, वडाचं झाड नाही, आणि रात्र तर मुळीच नाही.

भर दुपार होती. दोन्ही वेळेला.

आणि हे खरं आहे. उदगीर-लातूर रस्त्यावरचं. कुठून कुठून ऐकून जोडलेलं नाही. जिच्यासोबत घडलं ती मंजुश्री माझ्याच बाकावर बसते. तिनं मला सगळं एका दमात सांगितलं, सांगताना एकदाही माझ्याकडं पाहिलं नाही. ती रडली असती तर मला एवढी भीती वाटली नसती.

तारीख एकवीस एप्रिल.

जेवता जेवता मंजूच्या अज्जाच्या छातीत कळ आली. अज्जा म्हणजे आजोबा, ईश्वरप्पा. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, त्यांची आडत. डॉक्टर म्हणाले, लातूरला हलवा, आत्ताच. अॅम्ब्युलन्स यायला तास लागणार होता.

"अॅम्ब्युलन्सची वाट कोण बघतंय? गाडी हाय की दारात," मंजूचे पप्पा म्हणाले. पप्पा म्हणजे मृत्युंजय. नवी कोरी इलेक्ट्रिक गाडी, पांढरी. पप्पांना तिचा लई तोरा. घरावर सोलर, चार्जिंग फुकट. "दोन महिने झाले, बाहेर एक रुपया घातला न्हाई," हे ते येईल त्याला ऐकवायचे.

अज्जाला आडवं होता येईना. म्हणून पुढच्या सीटवर बसवलं. पोट मोठं, बेल्ट कसाबसा लागला. घरी आईनं अज्जीला धरून ठेवलं होतं. मंजू रिपोर्टची फाइल घेऊन पप्पांच्या मागं बसली.

गाव सुटलं, आणि पप्पांनी एक बटण दाबलं.

स्क्रीनवर हिरवं पान पेटलं…

ते पान म्हणजे इको मोड, मंजूला माहीत होतं. पान पेटलं की गाडी बॅटरी वाचवते. साठच्या वर जात नाही.

"पप्पा, पान काढा ना."

"गप बस. बावन्न टक्के हाय. जाऊन परत यायला बसलं पायजे."

"लातूरला चार्जर हाय की."

"हाय. आणि बिल तुझा नवरा भरणार?"

मागून लाल एसटी आली, हॉर्न देऊन पुढं गेली. मग एक टेम्पो. त्यात म्हशी होत्या, मंजू म्हणाली. म्हशीसुद्धा पुढं गेल्या.

अज्जानं दारावरच्या दांडीला धरलं होतं. घामानं सदरा पाठीला चिकटलेला.

"जोरात घे रे, मृत्युंजय…"

"घेऊन राहिलो की अप्पा. एवढीच पळती ही."

काटा साठवर. पान हिरवंगार.

नळेगाव आलं, गेलं. अज्जा अजून दोनदा म्हणाला, जोरात. तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले.

मग त्याचा हात दांडीवरून खाली आला…

या गाडीला आवाज नसतो ना. त्यामुळं श्वास थांबलेला मंजूला स्पष्ट ऐकू आला.

नळेगावला मागं आणून डॉक्टरला दाखवलं. त्यानं नाडी धरली, मान हलवली. पप्पांनी स्क्रीनकडं पाहिलं.

"एकोणतीस टक्के," ते म्हणाले. "पुरतंय घरापर्यंत."

मंजूच्या समाजात मेलेल्या माणसाला आडवं जाळत नाहीत. बसवून पुरतात, हातात त्याच्या गळ्यातलं इष्टलिंग आणि बेलपान देऊन. म्हणून अंग ताठायच्या आत बसतं करावं लागतं. अज्जा बसलेलाच होता. पप्पांनी उपरण्यानं कपाळ सीटला बांधलं, बेल्ट पुन्हा खटकन लावला. तसाच उदगीरपर्यंत आणला. रस्त्यात एकानं हात केला, तर पप्पांनी हॉर्न दिला. त्याला वाटलं, बापलेक फिरायला निघालेत.

घरी आठवडाभर माणसं भेटायला येत होती. पप्पा प्रत्येकाला तेच सांगायचे, डोळे पुसत.

"गाडीलाच वेग न्हाई हो. कंपनीनं कुलूप लावून ठेवलंय. पैसे भरले की सॉफ्टवेअर येतंय आणि हीच गाडी दुप्पट पळती. रोज फोनवर यायचं, भरा, भरा. मी भरले न्हाई. भरले असते तर अप्पा आज…"

मंजू दाराशी उभी असायची. एकदा ती नुसती म्हणाली, "पप्पा, पान…"

पप्पांनी तिला स्वयंपाकघरात नेलं. ओरडले नाहीत. हसले.

"तुला गाडीत उलटी होती का न्हाई? लहानपणापास्नं?"

"होती."

"सगळ्या भावकीला ठाऊक हाय?"

"हाव."

"मग ऐक. तू पान म्हणलीस, की मी म्हणणार… पोरीला उलटी व्हायची म्हणून हळू चालवली. बघू कुणाचं ऐकत्यात. अज्जी कुणाच्या तोंडाकडं बघणार न्हाई मग, ते बी बघ."

मंजूनं पुन्हा पानाचं नाव काढलं नाही. तिला अज्जी हवी होती.

आता खरं सुरू होतं.

अज्जाला माती दिल्यावर तिसऱ्या दिवशी पप्पा मोंढ्यात निघाले. मंजूला शाळेशी सोडायचं होतं. ती मागंच बसली. पुढची सीट रिकामी.

टिंग… टिंग… टिंग…

स्क्रीनवर लाल माणूस. पुढचा प्रवासी बसलाय, बेल्ट लावलेला नाही.

पप्पांनी सीटवर हात फिरवला. काही नाही. सर्व्हिस सेंटरला दाखवलं. तिथला माणूस म्हणाला, "सेन्सर ओके हाय साहेब. काय तरी ठेवत असाल सीटवर, ज्वारीचं पोतं बितं."

"रिकामी हाय रे!"

"गाडी म्हणती पंच्याऐंशी किलो हाय."

अज्जा पंच्याऐंशी किलोचा होता. मंजूला आठवत होतं, मार्चमध्ये तिनंच त्याला वजनकाट्यावर उभं केलं होतं.

शेवटी पप्पांनी रिकाम्या सीटवर बेल्ट लावून टाकला. आवाज बंद.

पण मंजूनं मागून पाहिलं…

बेल्ट सीटला टेकला नव्हता.

वीतभर पुढं होता. हवेत. पोटावरून जावा तसा फुगलेला. आणि हळूहळू वर-खाली होत होता.

अज्जीला यातलं काही माहीत नव्हतं. रत्नम्मा अज्जी. एवढीशी, चिपाडासारखी. उदगीरला जुन्या घरांत चालतं तसं मधूनच कानडी बोलणारी. अज्जा जिना उतरला की खालून म्हणायची, "निधान री, निधान." निधान म्हणजे हळू. पन्नास वर्षं ती त्याला एवढं एकच सांगत आली.

जूनमध्ये तिनं हातातल्या पाटल्या काढून पप्पांपुढं ठेवल्या.

"ते गाडीचं कुलूप काढून घे बाबा. माझ्या मालकाला गाडीनं पोचवलं न्हाई. पुढल्या माणसाला तरी पोचवू दे."

मंजूचं तोंड उघडलं. पप्पांनी तिच्याकडं पाहिलं, नुसतं पाहिलं. तोंड मिटलं.

पाटल्या गेल्या. अठ्ठेचाळीस हजार भरले. ओटीपी आला, टाकला. अंगणात गाडी उभी होती, उन्हं उतरत होती. स्क्रीनवर आलं, अपडेट सुरू करण्यासाठी सर्वांनी गाडीतून उतरावे.

सगळे बाहेरच होते.

सर्वांनी गाडीतून उतरावे.

पप्पांनी दारं उघडली, लावली. पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आलं तेव्हा त्यांनी पुढच्या सीटच्या पाठीवर फाडकन थाप मारली.

"उतर की आता! मेलास तरी पिच्छा सोडंना!"

अज्जी तुळशीपाशी होती. तिनं ऐकलं का नाही, मंजूला आजही माहीत नाही.

कट्…

बेल्ट आपोआप सुटला. सुर्रकन आत गेला.

अपडेट सुरू झालं.

आणि काय सांगू, गाडी सुटली की नुसती! दाबली की पाठ सीटला चिकटायची. पप्पा पोराटोरांना बसवून रिंगरोडला न्यायचे, शिट्ट्या मारायचे. टिंगटिंग बंद. लाल माणूस गायब. मंजूला वाटलं, सुटलो.

बारा ऑगस्ट. पुन्हा दुपारच.

अज्जी बोलता बोलता एका बाजूला कलली. तोंड वाकडं झालं. डॉक्टर म्हणाले, लकवा आहे, एकेक मिनिट मोलाचं, लातूर गाठा.

"चाळीस मिनिटांत गाठतो," पप्पा म्हणाले. खरंच म्हणाले. आपल्या अव्वासाठी, म्हणजे अज्जीसाठी, त्यांचा जीव तुटायचा, हे मंजू पण मान्य करते.

अज्जी पुढं. मंजू मागं, हातात फाइल. बॅटरी शंभर टक्के.

शंभर. एकशे दहा. एसट्या मागं पडल्या. नळेगाव आलं…

पाटी गेली, आणि गाडी मंदावली.

नव्वद. सत्तर. साठ.

"अरे, अरे… काय झालं हिला?" पप्पांचा पाय पूर्ण खाली. मंजूनं वाकून पाहिलं. पूर्ण खाली, तळाला टेकलेला.

स्क्रीनवर हिरवं पान पेटलं होतं.

पप्पांनी बटण दाबलं. विझलं. पेटलं. पुन्हा दाबलं. पेटलं. आणि हे पान नेहमीचं नव्हतं. नेहमीचं एकच असतं. हे तीन पानांचं होतं…

बेलाचं.

मंजूनं अज्जीकडं पाहिलं. अज्जीचं वजन अडतीस किलो. तिच्या अंगावर बेल्ट सैल लोंबायला हवा होता.

तो वीतभर फुगला होता. अज्जी जणू कुणाच्या मांडीवर बसली होती, आणि बेल्ट दोघांना मिळून लावला होता.

लाल एसटी मागून आली, हॉर्न देऊन पुढं गेली.

"अप्पा, सोडा हो!" पप्पा रडायला लागले. "पाया पडतो अप्पा! माझ्यावर काढा, अव्वानं काय केलंय तुमचं?"

अज्जीचं अर्धं तोंड हलत नव्हतं. उरलेल्या अर्ध्यानं ती हसली. मान थोडी मागं टेकली, आणि जिन्याखालून म्हणायची ना, तसंच म्हणाली…

"निधान री… निधान."

त्यानंतर ती काही बोलली नाही.

लातूरला दवाखान्याच्या दारात संगमेश्वर काका उभे होते, पप्पांचे धाकटे भाऊ. डॉक्टर त्यांना म्हणाले, "अर्धा तास आधी आणलं असतं तर वाचल्या असत्या." काका गाडीत वाकले. पान तसंच पेटलेलं होतं.

"दादा," काका हळू म्हणाले, "इको लावून आणलंस? अव्वाला?"

"मी न्हाई लावलं! पाय तळाला होता माझा! मंजू, सांग की गं. तू मागं होतीस. सांग यांना!"

सगळी भावकी मंजूकडं वळली.

मंजूनं सगळं पाहिलं होतं. पप्पांचा पाय, दहादा दाबलेलं बटण, सगळं. एक वाक्य पुरलं असतं.

ती म्हणाली, "मला न्हाई ठाऊक काका. मला गाडीत उलटी होती ना… मी डोळे मिटून बसले होते."



तेव्हापासून भावकीत त्यांच्याशी कुणी बोलत नाही. मोंढ्यात त्यांच्याकडं माल कमी येतो. गाडी विकायला काढली, पण बघायला येणाऱ्यानं पुढच्या सीटकडं पाहिलं की टिंगटिंग सुरू होते, आणि माणूस निघून जातो. मग पप्पा एकटेच फिरतात. पुढचा बेल्ट लावून.

मी तिला विचारलं, खोटं का बोललीस? ती म्हणाली, "बरं वाटलं." बस. एवढंच.

गोष्ट इथं संपली असती तर मी लिहिलीच नसती.

गेल्या गुरुवारी मंजूच्या आईनं घाबरून शाळेत फोन केला. मंजू वर्गात आहे का, विचारत होती. होती. माझ्या शेजारी, बीजगणित सोडवत. नंतर कळलं, पप्पा त्या वेळी मोंढ्यातून घरी येत होते. पुढचा बेल्ट लावलेला होता, तरी टिंगटिंग थांबेना. म्हणून त्यांनी स्क्रीन नीट पाहिली, आणि लगेच मंजूच्या आईला फोन लावला.

लाल माणूस मागच्या सीटवर होता. ड्रायव्हरच्या मागं.

मंजूच्या जागेवर.

शेजारी वजनही आलं होतं. एक्केचाळीस किलो.

काल खेळाच्या तासाला सरांनी सगळ्यांची वजनं घेतली. मंजूच्या मागं मीच उभी होते. काट्यावर आलेला आकडा मी पाहिला… एक्केचाळीस.

मी तिला अजून काही बोलले नाही. पण आज बाकावर बसताना मी थोडी सरकून बसले. आणि तिनं ते पाहिलं.