धुतलेले साचे

कौशल्याबाई खुर्चीवर बसलीच नाही. "माह्या आदेशले तानबानं मारलं," ती म्हणाली. "पोलीस त्याले सोडतीन. तुमी पुरावा काढा."

पिपरी मेघेतल्या त्या कचेरीत जया खोडे खाजगी तपासाची कामं घेई. सोबतीला निवृत्त कारकून नानाजी. पूर्ण ऐकायच्या आत मत बनवण्यात त्यांचा हातखंडा होता. तानबा गुन्हेगार, हे त्यांनी लगेच ठरवून टाकलं.

सिंदीजवळ रूपरावची भट्टी होती. जुन्या बॅटऱ्या फोडून तिथे शिसं वितळवत आणि लोखंडी साच्यांत ओतून त्याच्या विटा पाडत. कौशल्याबाई तिथे झाडलोट करायची, तर तिचा मुलगा आदेश तानबासोबत शिसं ओतायचा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी स्फोट झाला आणि आदेश गेला.

रूपरावने तोंडपाठ असल्यासारखं सांगितलं: तानबाने ओल्या बॅटऱ्या टाकल्या, भट्टी फुटली. एरवी भट्टी कधी थंड होत नाही, फक्त दसऱ्याला पूजेपुरती बंद असते.

जया मात्र छताकडे बघत होती. भट्टीवरच्या पत्र्याला नुसती काजळी होती. शिशाचे थेंब चिकटले होते साच्यांवरच्या पत्र्याला. साच्यांच्या कोपऱ्यांत कुंकू होतं. साचे तापवायच्या बर्नरवर कोळ्याने जाळं विणलं होतं.

बॅटऱ्या उन्हात वाळवल्या होत्या, एवढंच तानबा म्हणाला. पुढे काही विचारलं की तो मान खाली घाली. नानाजींना ती कबुलीच वाटली.

संध्याकाळी जयाने सगळ्यांना भट्टीवर बोलावलं.

"भट्टी फुटली असती तर थेंब तिच्यावर उडाले असते," ती म्हणाली. "फुटला तो साचा. लोखंडाच्या बारीक चिरांत पाणी राहिलं होतं. वितळलेलं शिसं पडताच त्याची वाफ झाली आणि शिसं आदेशच्या अंगावर उसळलं. रोज साचे आधी ओतलेल्या शिशाने गरम असतात, म्हणून तापवायची आठवण कुणाला होत नाही. दसऱ्यानंतर ते थंड होते. तापवून देणं मालकाचं काम. रूपराव, तुमचा बर्नर बंद पडलाय. म्हणून तुम्ही तानबावर ढकललंत."

रूपराव भिंतीकडे बघू लागला. नानाजींना स्वतःचीच लाज वाटली. तरी त्यांनी विचारलंच, "मग तानबा गप्प काऊन राह्यला?"

"बाई, राहू द्या," तानबा पुटपुटला. "मी जाईन जेलात."

जयाचा आवाज उतरला. "पूजेसाठी साचे कुणीतरी धुतले होते. तानबाने ते पाहिलं होतं."

कौशल्याबाई भट्टीवर झाडलोट करायची. हे नानाजींना आत्ता आठवलं.

ती साच्यांपाशी गेली. मग अगदी हळू म्हणाली, "पण मी पुसले होते, बाई. पदरानं पुसून कोरडे केलते."

नानाजींनी जयाकडे पाहिलं. तिला उत्तर ठाऊक होतं, पण तिने ते दिलं नाही.