नळकांड्यातले थेंब

"कार्ड गेलं कुठे?" कप्तानाने जहाजावरच्या प्रयोगशाळेच्या दाराला आतून कडी घातली. "सापडेपर्यंत इथून कोणी हलायचं नाही."

हलून जाणार तरी कुठे? चहूकडे पाणी, किनारा नऊ दिवसांवर. टेबलावर समुद्राची मोजमापं घेणाऱ्या यंत्राचं जाड नळकांडं उघडं पडलं होतं. दोन वर्षं समुद्राच्या तळाशी राहून ते सकाळी सहाला वर आलं होतं. नोंदींचं कार्ड मात्र गायब.

"दहाला मी उघडलं, तेव्हा आत कार्ड नव्हतंच," यंत्रं सांभाळणारी तरुण इंजिनिअर म्हणाली.

"दहापर्यंत मी इथे एकटाच राखणीला होतो," मोहिमेचे प्रमुख, सगळ्यांचे सर, म्हणाले. "कोणी बोटही लावलं नाही. म्हणजे उघडल्यावर हिनेच हरवलं. हिची नोकरी संपली असं समजा."

तिला रडू फुटलं. या नोकरीसाठी तिने सहा वर्षं जिवाचं रान केलं होतं.

चहा घेऊन आलेला आचारीही आत कोंडला गेला होता. दुसऱ्याच्या भांड्यात डोकावायची त्याला भारी खोड. नळकांड्याच्या आत थेंब होते. त्याने एक बोटावर घेऊन चक्क चाटला.

"काका!" कप्तान ओरडला.

"खारट नाही. म्हणजे समुद्राचं नव्हे. पोरी, हे वर आल्या आल्या का उघडत नाहीस?"

"तेव्हा बर्फासारखं गार असतं. उघडलं तर दमट हवेने आत पाणी सुटतं. चार तास थांबायचं, सरांचाच नियम आहे."

"दहाला गार होतं?"

"नाही. पण आत थेंब होते."

"त्याआधी तू कुठे होतीस?"

"खाली, बिछान्यात. उलट्या थांबत नव्हत्या."

"खरं आहे. जहाजावरचे डॉक्टर दहापर्यंत तिच्याजवळच होते," कप्तान म्हणाला.

आचाऱ्याने ट्रे खाली ठेवला. "फ्रीजरमधला डबा गार असताना उघडून परत लावला की आत असंच पाणी धरतं. हे कोणीतरी गार असतानाच उघडलं, कार्ड काढलं, पुन्हा बंद केलं. तेव्हा इथे एकटं कोण होतं, ते सर स्वतःच सांगून बसलेत."

सरांनी खिशातली चष्म्याची डबी उघडून कार्ड काढलं.

"कोरं आहे. खाली सोडताना नोंद सुरू करायला मी विसरलो. दोन वर्षं तीच शंका खात होती. आज चार तास धीर धरवला नाही."

"आणि माझ्यावर ढकललंत?"

कप्तानाने कडी काढली, पण कोणीच बाहेर गेलं नाही. नऊ दिवस याच टेबलाभोवती काढायचे होते.

इंजिनिअरने फडकं घेऊन आतले थेंब पुसले.

"उद्या नवं यंत्र खाली जाणार आहे, सर. नोंद मी सुरू करणार. तुम्ही शेजारी उभं राहून बघायचं."