दादा, श्वास सोडू का?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या रे. मग मधे खिदळायचं नाही.

आमच्या फोटोवाल्याच्या बाबतीत घडलेलं आहे हे. दवाखान्यात एमआरआयचं मशीन चालवायचा, म्हणून तो फोटोवाला. अकरा जानेवारी, शनिवार. रात्री पावणेदोनला फोन आला, अपघाताचा पेशंट येतोय, मशीन तयार ठेव. स्वेटर चढवून निघाला बिचारा.

बिचारा कसला! आदल्या वर्षी त्याच्या धाकट्या बहिणीच्या पित्ताशयाची भिंत जाड झालेली निघाली. साधा आजार की कॅन्सर, तेवढं एमआरआयमधून कळायचं होतं. भिंतीत मोत्यांच्या माळेसारखे ठिपके दिसले की बहुधा साधा. पण खात्रीसाठी शेवटचा एक फोटो लागतो. कॅन्सर असेल तर त्यात भिंत पांढरीफटक चकाकते. तो काढताना श्वास रोखायचा असतो. ही वेडी मधेच विचारायची, "दादा, श्वास सोडू का?" बोललं की श्वास सुटलाच ना! फोटो हलायचा. याला मॅच बघायला पळायचं होतं. वैतागून म्हणाला, "सोड. झालं सगळं. मोती आहेत, ऊठ."

आणि डॉक्टर, म्हणतोस?

डॉक्टरांना म्हणाला, शेवटचा फोटो उद्या घेतो. तो उद्या काही उजाडला नाही.

सहा महिन्यांनी दुसऱ्या दवाखान्यात तपासलं तर कॅन्सर निघाला, तोही हाताबाहेर गेलेला. जाताना ती एवढंच बोलली, "तू म्हणाला होतास, झालं सगळं." परक्यानं मारलं तर माणूस ओरडतो तरी. सख्ख्या भावानंच केसानं गळा कापला, तर कुणाला सांगायचं? मला अजून राग येतो त्याचा.

तर त्या रात्री यानं मशीन सुरू केलं. काचेपलीकडे पलंग रिकामा.

घंटी वाजली. पेशंटच्या हातात रबरी चेंडू देतात ना... तो दाबला की वाजते, ती.

मग स्पीकरमधून...

"दादा..."

यानं काचेतून पाहिलं. पलंग रिकामाच.

"दादा... श्वास सोडू का?"

या वेळी यानं 'सोड' म्हटलं नाही.

पलीकडेही श्वास सुटला नाही...

मशीन आपोआप धडधडलं. थांबलं.

पेशंटला घेऊन माणसं आली, तेव्हा हा भिंतीला टेकून बसलेला. सकाळी मला बोलावून त्यानं स्क्रीनवरचा फोटो दाखवला. पित्ताशयाचा. भिंत पांढरीफटक. मोती एकही नाही.

आणि इतका स्वच्छ फोटो त्या मशीनवर कधीच निघाला नव्हता, पोरांनो. श्वासानं जरासुद्धा हललेला नव्हता.